खाली लिंक आहे, म्हणून काय?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा एका वक्त्यांनी एआयवर भाषण केलं. अभ्यासू गृहस्थ, बोलणं सोपं, सभागृह भरलेलं. त्यांचं एक विधान मी वहीत उतरवून घेतलं. ते म्हणाले, "सुरुवातीला हे चॅटबॉट मनचं काहीही सांगत. आता ते उत्तराखाली वेबसाइटच्या लिंका देतात. म्हणजे पुराव्याचा प्रश्न मिटला. कुठल्या वेबसाइटवरून घेतलं हे बघत बसणं मार्केटिंगवाल्यांचं काम, फार तर संशोधकांचं. तुम्ही-आम्ही उत्तर वाचावं आणि कामाला लागावं." टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता, म्हणून हा लेख.

मी सव्वीस वर्षं एका दैनिकाच्या संदर्भ विभागात काढली. कात्रणं कापायची, डकवायची, विषयवार पाकिटांत घालायची आणि रात्री उपसंपादक धावत आला की दोन मिनिटांत नेमकं पाकीट त्याच्या हातात द्यायचं, हे माझं काम. कात्रणावर वृत्तपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक नसेल तर ते टोपलीत जायचं, मजकूर कितीही मोलाचा असो. आमच्या ज्येष्ठांनी हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला, तेव्हा तो मला जाचक वाटला होता. पुढे नाव-तारीख नसलेल्या एका कात्रणाच्या भरवशावर छापलेल्या चौकटीपायी आम्हाला दिलगिरी छापावी लागली. ते कात्रण मीच ठेवून घेतलं होतं. तेव्हापासून छापील ओळ वाचताना माझी नजर आधी ती कुठून आली याकडे जाते. म्हणून वक्त्यांचं विधान मला सोडून देता येत नाही.

उत्तराची आणि लिंकेची गाठ कशी पडते ते आधी पाहू. चॅटबॉट जेव्हा नुसत्या शिकलेल्या स्मृतीतून बोलतो, तेव्हा त्या वाक्याला पत्ताच नसतो. लाखो पानांतून शिकलेलं सगळं अब्जावधी आकड्यांत मुरलेलं असतं. त्यातून अमुक वाक्य अमुक पानावरचं, असं परत काढून दाखवता येत नाही. अशा वेळी तुम्ही संदर्भ मागितलात, तर संदर्भासारखा दिसणारा मजकूर तयार होतो. तो खरा असू शकतो, नसूही शकतो. दुसरी तऱ्हा शोधाची. तिथे तुमच्या प्रश्नावरून यंत्र शोध घेतं, काही पानं आणतं, त्यांतले परिच्छेद समोर ठेवून उत्तर रचतं आणि त्या पानांच्या लिंका जोडतं. हे पहिल्या तऱ्हेपेक्षा निश्चित बरं. पण या लिंकेचा अर्थ एवढाच, की ते पान यंत्राच्या समोर होतं. उत्तरातलं हे वाक्य त्या पानानेच सांगितलंय, याची हमी तिच्यात नाही.

ही नुसती शंका नाही, हे मोजलेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये बिंग चॅट, पर्प्लेक्सिटी यांच्यासह चार साधनं तपासली. उत्तरांतल्या वाक्यांपैकी जेमतेम ५१.५ टक्के वाक्यांना जोडलेल्या संदर्भांचा पूर्ण आधार होता. दिलेल्या संदर्भांपैकी ७४.५ टक्के संदर्भ आपापल्या वाक्याला खरोखर आधार देत होते. त्याच अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण मला जास्त अस्वस्थ करतं: वाचणाऱ्याला जी उत्तरं अधिक ओघवती आणि उपयोगी वाटली, त्यांचे संदर्भ अधिक कच्चे निघाले. म्हणजे उत्तर पटलं हीच तपासणी धरली, तर आपण नेमके चुकीच्या जागी निर्धास्त होतो.

वक्ते म्हणतील, २०२३ जुनं झालं. तर मग मार्च २०२५ घ्या. कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरने आठ साधनांना बातम्यांमधले उतारे दिले आणि विचारलं: हा उतारा कोणत्या बातमीतला, कोणी छापला, कधी छापला, लिंक काय? वीस प्रकाशनांच्या प्रत्येकी दहा बातम्या, एकूण १,६०० प्रश्न. उतारे मुद्दाम असे निवडले होते, की साध्या गूगल शोधात मूळ बातमी पहिल्या तीन निकालांत यावी. तरी साठ टक्क्यांहून अधिक उत्तरं चुकली. पैसे मोजून घेतलेल्या आवृत्त्या तर जास्त ठामपणे चुकल्या. मी हे वाचलं तेव्हा सव्वीस वर्षं डोळ्यांसमोर आली. "हे कात्रण कुठलं?" हाच प्रश्न मला रोज रात्री विचारला जायचा. शंभरातल्या साठ वेळा मी चुकीचं पाकीट दिलं असतं, तर आठवडाभरात मला तिथून उठवलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसीने १८ देशांतल्या २२ सार्वजनिक वृत्तसंस्थांना घेऊन १४ भाषांत बातम्यांवरची उत्तरं तपासली. ३१ टक्के उत्तरांत स्रोतांबाबत गंभीर दोष होते: संदर्भ नव्हता, दिशाभूल करणारा होता किंवा चुकीचा होता.

यात माणसांचं काय होतं, ते न्यायालयांत दिसलं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे सादर केले. ते अस्तित्वातच नव्हते. वकिलाने चॅटबॉटलाच विचारलं होतं, हे खटले खरे आहेत ना? त्याने हो म्हटलं. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे कुठे सापडतच नव्हते. अशा साधनांतून आलेलं वापरण्याआधी पडताळा, असं न्यायालयाने बजावलं. संदर्भ दोन्हीकडे होते, नाव-गाव-वर्षासकट. मूळ कागद कोणी उघडून पाहिला नव्हता.

वक्त्यांच्या बोलण्यामागे आणखी एक समजूत होती. ती त्यांनी उच्चारली नाही, पण तिच्याशिवाय त्यांचं विधान उभं राहत नाही: यंत्र सगळं इंटरनेट वाचतं आणि त्यातलं उत्तम ते निवडतं. यातले दोन्ही भाग तपासायला हवेत.

सगळं ते वाचत नाही. अनेक वृत्तसंस्थांनी २०२३ पासून एआय कंपन्यांच्या रोबोंना आपल्या वेबसाइटवर मज्जाव केला. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. आपल्या एएनआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. काहींनी उलट करार केले: जर्मनीच्या अ‍ॅक्सेल श्प्रिंगरने डिसेंबर २०२३ मध्ये, न्यूज कॉर्पने मे २०२४ मध्ये. रेडिटने फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलशी केलेला करार वर्षाला सहा कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे यंत्रासमोरचं कपाट कोणतं असेल, यात कुलपं, खटले आणि पैसे यांचा हात आहे. प्रकाशकांना मी दोष देत नाही. ज्याच्या कष्टाचा मजकूर आहे, त्याने दार लावून घेतलं तर तो त्याचा हक्क आहे. पण दार लागल्यावर आत काय होतं, हे उत्तरात लिहिलेलं नसतं. वाचकाला समोरचं कपाट पूर्णच वाटतं.

आणि उत्तम ते निवडणं म्हणजे काय? आपल्याकडे स्रोताचं वजन करण्याची रीत आहे, आणि ती फार कष्टाने आलेली आहे. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आठवा. बखरींच्या आधाराने कित्येक वर्षं १६२७ हे साल चालत आलं. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रकाशात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. नुसत्या नोंदी मोजल्या असत्या तर १६२७ जिंकलं असतं. अभ्यासकांनी मोजलं नाही, वजन केलं. बखरी मागाहून लिहिलेल्या, शकावलीतल्या नोंदी घटनांच्या जवळच्या, परमानंदाच्या शिवभारतातली तिथीही तिच्याशी जुळणारी. महाराष्ट्र शासनाने ही तारीख स्वीकारली २००१ मध्ये, म्हणजे ८५ वर्षांनी. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली आणि वेगळे पाठ त्या-त्या पानाच्या तळाशी छापले. तळटीप म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने त्या आवृत्तीचं कुठलंही एक पान उघडावं. आम्ही हे स्वीकारलं, ते नाकारलं, हा घ्या दोन्हींचा पत्ता, आता तुम्ही ठरवा, असं ते पान वाचकाला सांगतं.

चॅटबॉटची निवड या जातीची नाही. प्रश्नाच्या अर्थाशी जवळ वाटणारा परिच्छेद आणि शोधयंत्राने वर आणलेलं पान, मुख्यतः यांवर ती चालते. लिहिणारा कोण, तो घटनेपासून किती दूर, त्याचा त्यात स्वार्थ काय, हे त्या जवळिकीत मोजलं जात नाही. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआय सारांशाने पिझ्झ्यावर चीज चिकटून राहावं म्हणून सॉसमध्ये डिंक मिसळायला सांगितलं. तो सल्ला रेडिटवरच्या दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या थट्टेतून आला होता. रोज एक लहान दगड खावा, हा सल्ला द अनियन या विडंबन-पत्रातून आला होता. नुसतं मूळ नाव वाचलं असतं, तरी वाचक सावध झाला असता.

हे भोळेपणाने झालेलं. मुद्दाम केलेलंही आहे. रशियाच्या बाजूचा प्रचार पसरवणाऱ्या 'प्रावदा' नावाच्या जाळ्याने २०२४ या एका वर्षात ३६ लाख लेख टाकले. माणसं त्या साइटवर फारशी जात नाहीत. मग लेख कोणासाठी? न्यूजगार्ड या संस्थेने मार्च २०२५ मध्ये दहा चॅटबॉट तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांनी त्या जाळ्यातले खोटे दावे खरे म्हणून सांगितले. लेख यंत्राने वाचावेत म्हणूनच टाकले होते, आणि यंत्राने ते वाचले.

आता मार्केटिंगचा मुद्दा. स्रोतांवर नजर ठेवणं मार्केटिंगवाल्यांचं काम आहे, हे वक्त्यांचं निरीक्षण खरं आहे. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. कोणती साइट उत्तरात येते, हे त्या क्षेत्रातले लोक बारकाईने टिपतात, कारण त्यांना आपली साइट तिथे आणायची असते. २०२३ च्या अखेरीस प्रिन्स्टन आणि आयआयटी दिल्लीच्या संशोधकांसह काहींनी एक शोधनिबंध लिहिला: पानात आकडेवारी, अवतरणं आणि संदर्भ घातले, की एआयच्या उत्तरांत त्या पानाची दृश्यता चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. लक्षात घ्या, मजकूर खरा करण्याविषयी हा निष्कर्ष नाही. तो कसा मांडला म्हणजे यंत्र उचलेल, याविषयी आहे. विकणारा माणूस जर डोळ्यांत तेल घालून हे बघत असेल, तर घेणाऱ्याने डोळे मिटावेत हा सल्ला कुणाच्या हिताचा?

आणि डोळे मिटलेलेच आहेत. प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या ९०० जणांच्या मार्च २०२५ मधल्या वापराची नोंद तपासली. गूगलवर एआय सारांश दिसला, तेव्हा लोकांनी नेहमीच्या निकालांवर ८ टक्के वेळा क्लिक केलं. सारांश नसताना हेच प्रमाण १५ टक्के होतं. सारांशातल्या लिंकेवर क्लिक किती? १ टक्का. ज्या लिंकेने पुराव्याचा प्रश्न मिटला म्हणतात, ती शंभरात एक वेळ उघडली जाते.

मराठी वाचकाला हे आणखी जवळून लागू आहे. माझ्या पुतण्याला जिरायत जमिनीचा तुकडा घ्यायचा होता. त्याने मोबाइलवर मराठीत विचारलं, कमीत कमी किती गुंठे घेता येतात? उत्तर मराठीत आलं, चांगलं नीटस. "काका, हे बघा, खाली लिंकसुद्धा आहेत." मी लिंका उघडल्या. एक पान जमीन-दलालाच्या जाहिरातीचं, हिंदीत. दुसरं इंग्रजी, तारीख नसलेलं. तिसरं उघडलंच नाही. उत्तरात तालुक्यागणिक वेगळं असलेलं जुनं प्रमाणक्षेत्र होतं. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे ठरवलं, आणि २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदी कायद्यात आणखी सवलती दिल्या, हे त्या तीन पानांत कुठेच नव्हतं. पुतण्या इंजिनिअर आहे, हुशार आहे. लिंक दिसली म्हणून तो थांबला, एवढंच.

मग शासनाचा कागद उत्तरात का आला नाही? याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल. २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. कॉमन क्रॉल नावाच्या ज्या मोठ्या वेबसंग्रहावर अनेक भाषा-प्रारूपं शिकली, त्यात इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आणि मराठीचा एक टक्क्याचा दहावा भागही नाही. याचा अर्थ मराठीत लिहिलं गेलं नाही, असा मुळीच नाही. कितीतरी शासन निर्णय स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहेत. ती चित्रं आहेत, अक्षरं नाहीत. ई-पेपरची पानं चित्रं आहेत. युनिकोडच्या आधी जुन्या फॉन्टांत जे टंकलं, ते आज कॉपी केलं तर इंग्रजी अक्षरांचा काला हाती येतो. मोल्सवर्थचा आणि दात्यांचा कोश इंटरनेटवर नीट शोधता येतो, तो शिकागो विद्यापीठाच्या कृपेने. मराठी विश्वकोश मात्र खुला आहे, त्यातल्या नोंदींखाली संदर्भग्रंथ आणि लिहिणाऱ्याचं नाव असतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून जी शिस्त घालून दिली, ती आज कुठल्याही चॅटबॉटच्या उत्तरापेक्षा पुढची आहे. मराठीतल्या प्रश्नाला दलालाच्या पानाने उत्तर द्यायचं की विश्वकोशाने आणि राजपत्राने, हे कुठल्या तरी परदेशी कंपनीवर सोडून चालणार नाही. त्यासाठी आपल्या उत्तरांत कोण येतंय, याची आधी कुणीतरी नोंद ठेवली पाहिजे. वाचनालयांनी ही नोंद ठेवावी. महिन्याला पन्नास प्रश्न, सातबाऱ्याचे, पीकविम्याचे, औषधांचे, आणि प्रत्येकासमोर आलेल्या वेबसाइटचं नाव. एक वही पुरते.

एक आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मी टाळणार नाही. वृत्तपत्रंही चुकतात, 'सूत्रांनी सांगितले' म्हणून आम्हीही पानं भरली. पुस्तकांतही थापा असतात. शिवाय ज्याला वकील परवडत नाही, तालुक्याला खेप घालायची तर ज्याची दिवसाची मजुरी बुडते, त्याच्या हाती आज निदान काही उत्तर येतं. हे मोठं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण दैनिकाच्या अंकात तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते: मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं, छापल्याचा पत्ता, आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणावर. १८६७ च्या कायद्याने अशी नावं छापणं बंधनकारक केलं. त्या ओळीमुळेच आम्हाला दिलगिरी छापावी लागली होती. चूक झाली तर कुणाकडे जायचं, हे वाचकाला ठाऊक होतं. चॅटबॉटच्या उत्तराखाली अशी ओळ नाही. स्रोताचं नाव ही तिच्या जागी उरलेली एकच वस्तू आहे. ज्या मजुराची खेप वाचली, त्यालाच चुकीच्या उत्तराचा फटका सर्वांत जास्त बसतो. त्यालाच 'तू स्रोत बघू नकोस' असं व्यासपीठावरून सांगणं, हे माझ्या मते त्या व्याख्यानातलं सर्वांत चुकीचं वाक्य होतं.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी जमिनीचा, पेन्शनचा, शिष्यवृत्तीचा प्रश्न विचाराल, तेव्हा उत्तरावर थांबू नका. लिंक उघडा, पान कोणाचं आणि कोणत्या तारखेचं ते बघा, उत्तरातलं वाक्य त्यात आहे का ते शोधा. आणि उत्तरात शासन निर्णयाचा उल्लेख असेल तर त्याचा संकेतांक मागा, मग तो शासनाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. अलीकडच्या शासन निर्णयांच्या अखेरीस, सहीच्या वर, तो छापलेला असतो.